एक्केचाळीस नंबरचा मेंदू

"मुरल्या, तू आन् गप्प? तेबी चाळीस मिनिटं?" बंडा वस्तादनं बशीतला चहा फुंकला. "मर्दा, तू तिरडीवर झोपलास तरी खांदेकऱ्यांस्नी रस्ता सांगशील."

चहाच्या गाड्याभोवतीची अख्खी गल्ली हसली. मीपण हसलो, कारण बोलला ते खोटं नव्हतं. मी मुरलीधर साळोखे. मंडप, स्पीकर, जनरेटर आमच्याकडं भाड्यानं मिळतं, आणि खोड्या फुकट. एकदा स्पीकरवरनं पुकारलं होतं, की आज पालिकेनं नळाला गरम पाणी सोडलंय. कोल्हापुरातली आमची अर्धी गल्ली टॉवेल-साबण घेऊन नळावर. तेव्हापासनं माझं खरं बोलणंही कुणी खरं धरत नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

याला आता नऊ वर्षं झाली. त्या दिवशी सकाळी तालमीत हायवेकडच्या हॉस्पिटलातली डॉक्टरीण येऊन गेली होती, डॉ. मुजावर. पन्नाशी उलटलेली, काही तक्रार नसलेली माणसं तिला पाहिजे होती. मेंदूचे फोटो काढायचे होते. उतारवयात माणूस विसरभोळा का होतो, लकवा कुणाला मारतो, त्याच्याआधी मेंदूत काय काय घडतं, हे चार वर्षं बघायचं होतं. मशीन म्हणजे एक बोगदा. चाळीस मिनिटं आत पडायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही. फारच झालं तर हातात रबरी फुगा देणार, तो दाबायचा, की बाहेर काढतात. गल्लीतनं दोघांनीच नाव दिलं. वस्तादनं तालमीची इज्जत म्हणून आणि मी वस्तादनं दिलं म्हणून.

"लाव पैज," मी म्हटलं. "जो फुगा दाबंल तो हरला."

"हरणाऱ्यानं काय करायचं?"

"जिंकणाऱ्याला खांद्यावर घेऊन तालमीपासनं भाजी मंडईपतूर जायाचं आन् परत. रविवारी, भर बाजारात."

गल्ली पुन्हा हसली. मी सत्तावन्न किलो, वस्ताद शहाण्णव. दगडू टेलर पंच झाला. त्यानं कानावरची पेन्सिल काढून मापाच्या वहीत, कुणाच्या तरी सदऱ्याच्या मापाखाली, पैज लिहून टाकली.

सोमवारी आम्ही तिघं रिक्षानं गेलो. टेबलावरच्या मुलीनं रजिस्टरात नावं लिहिली आणि दोरी लावलेली दोन कार्डं दिली. वस्तादला एक्केचाळीस, मला बेचाळीस.

"आत गेल्यावर नाव सांगायचं नाही," ती म्हणाली. "फक्त नंबर. फोटो बघणाऱ्याला डोकं कुणाचं आहे ते कळता कामा नये. संशोधनाची पद्धत असते."

दगडूनं लगेच वहीत टिपलं. वस्ताद एक्केचाळीस, मुरल्या बेचाळीस.

कपडे बदलायच्या खोलीत आम्हाला हिरवे झगे दिले. चष्मा, अंगठी, किल्ल्या, धातूचं काही अंगावर ठेवायचं नाही. वस्तादनं चांदीचा करदोटा सोडला तेव्हा पोरगी सासरी निघाल्यासारखं तोंड केलं. चष्माही काढला. चष्म्याशिवाय त्याला दारावरची पाटी दिसत नाही. कार्ड खुंटीला अडकवून तो लघवीला गेला.

खुंटीवरचं कार्ड मी बघितलं, माझ्या गळ्यातलं बघितलं. वस्ताद काही फुगा दाबणाऱ्यातला नव्हता. मी फुगा दाबलाच, तर नाव वस्तादचं लागेल. नाही दाबला, तर बरोबरी. माझं नुकसान कशातच नव्हतं. अशी संधी समोर आल्यावर हात आवरणं माझ्या स्वभावात नाही. कार्डं बदलली. वस्ताद आला, न बघता कार्ड गळ्यात घातलं आणि आत गेला.

पाऊण तासानं डोळे चोळत बाहेर आला. "लई ग्वाड झोप लागली," म्हणाला.

मग मी. आता खरं सांगतो. हळदीच्या रात्री ज्या स्पीकरच्या भिंतीपुढं लोकांच्या छातीत धडधडतं, तिला टेकून मी जेवलेला माणूस आहे. आवाजाला काय भ्यायचं? पण त्यांनी डोकं पाळण्यासारख्या खाचेत बसवलं, दोन्ही कानांशी स्पंज कोंबले आणि तोंडावर जाळीचा सापळा बसवला, तेव्हाच माझं पाणी झालं. फळी आत सरकली. छत नाकापासनं वीतभर. पहिला आवाज आला, जसं कुणीतरी माझ्या कवटीचं दार ठोकतंय. मग करवत. मग बिघडलेला जनरेटर, धडधड धडधड. आणि तोंड बंद. एवढा वेळ माझ्याबरोबर एकट्यानं मी कधी राहिलोच नव्हतो. वडील आठवले. त्रेपन्नाव्या वर्षी लकवा झाला होता, दोन वर्षं खाटेवर. तोंड वाकडं, लाळ गळायची, मला बघून काहीतरी सांगायचे आणि मला एक अक्षर कळायचं नाही. मी बावन्न वर्षांचा होतो.

फुगा दाबला. बाहेर काढलं, पाणी पाजलं, पुन्हा आत घातलं. पुन्हा दाबला. शेवटचा भाग कसाबसा झाला, माझं अंग झग्यासकट भिजलं होतं.

कपडे करून टेबलापाशी आलो. मशीनवाला आतनं फोनवर मुलीला सांगत होता, आणि तिनं मोठ्यानं म्हणत लिहून घेतलं: "बेचाळीस, हालचाल नाही, झोप. एक्केचाळीस, फुगा दोनदा. बरं."

दगडूनं वही उघडली. "एक्केचाळीस. वस्ताद, तुम्ही वो!"

"मी?" वस्ताद माझ्याकडं बघायला लागला. "मी तर झोपलोतो."

"झोपंत दाबला आसशील," मी म्हटलं.

"दोनदा?"

"त्यात काय? झोपंत माणूस चालतोबी."

तो बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "कागदात हाय म्हंजे खरं आसंल. रविवारी उचलतो तुला."

रिक्षात मला हसू दाबता येत नव्हतं. खिडकीकडं तोंड करून बसलो.

गुरुवारी हॉस्पिटलातनं वस्तादला फोन आला. घरच्यांना घेऊन या. तो आणि रखमावैनी दुपारी गेले. संध्याकाळी मी दुकान बंद करून निघालो तर वस्ताद तालमीच्या पायरीवर बाहेर बसलेला. आत पोरं दंड मारत होती आणि हा बाहेर. असं मी कधी बघितलं नव्हतं.

"काय गा, रविवारची तयारी?" मी म्हटलं.

"बस," तो म्हणाला. बसलो. "डोस्क्यात दोन ठिपकं निघाल्यात मुरल्या. रक्ताची बारकी नळी बंद पडून तेवढा भाग मेलाय म्हणं. दोन येळा झटका येऊन गेलाय."

"कुणाला?"

"मला, आन् कुणाला. आन् मला पत्ता न्हाई. डाक्टरीण म्हणाली, कधीकधी कळत न्हाई. येतो आन् जातो." त्यानं उजवा हात पुढं धरला, बोटं उघडली, मिटली. "आता कळलं न्हवं? ह्या हातानं मी दोनदा फुगा दाबला आन् माझ्या ध्यानात न्हाई. डोस्कं गेलं माझं. पोरांस्नी डाव सांगताना उद्या डावच इसरलो तर?"

मला आठवतंय, आतनं पोरांच्या मांड्या थोपटल्याचे आवाज येत होते. आधी वस्तादचं काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. पहिल्यांदा एवढंच कळलं: एक्केचाळीस नंबर माझ्या गळ्यात होता. ते डोकं माझं.

"काय झालं? तू का पांढरा पडलास?" वस्तादनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मी हाय की अजून."

मी उठलो आणि घरी गेलो.

रात्री जेवण गेलं नाही. सकाळी दुकानात बसून स्वतःचीच परीक्षा घेत होतो. मशीनच्या आधी डॉक्टरणीनं पाच शब्द पाठ करायला दिले होते. कंदील, ऊस, पायरी, मोर. पाचवा येईना. कंदील, ऊस, पायरी, मोर. गिऱ्हाईक येऊन दोन पंखे आणि सतरंज्या मागून गेलं, मी त्याला बारशाच्या ऐवजी बाराव्याचा दर सांगितला. तो चिडून गेला. कंदील, ऊस. आरशापुढं जाऊन हसून बघितलं, तोंड सरळ आहे का. जीभ बाहेर काढली. हात वर केले. बायको इंदू चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"आता कुणाची नक्कल?"

"कुणाची न्हाई."

"मग अशी माकडावानी तोंडं काय करताय?"

'नक्कल' म्हटल्यावरनं मला एक जुनं सोंग आठवलं. वैशाखात कागलच्या बाजूला एका लग्नात मी माईक तपासत होतो. "हॅलो, हॅलो" म्हणायला गेलो आणि जीभ जाड झाली. तोंडातनं भलतंच काहीतरी निघालं, दारुड्यासारखं. उजव्या हातातनं माईक सुटून खाली पडला. अख्खा मंडप हसला. लोकांना वाटलं, साळोखे दारुड्याचं सोंग करतोय. मग मीही झोकांड्या खात तसाच दोन-चार पावलं चाललो, वाकून नमस्कार केला, शिट्ट्या पडल्या. दहा मिनिटांत जीभ हलकी झाली. घरी येऊन इंदूला सांगितलं आणि दोघं पोट धरून हसलो.

हॉस्पिटलचा नंबर दोनदा फिरवला आणि पलीकडं आवाज आला की ठेवून दिला. सांगितलं नाही तर ते ठिपके वस्तादचे. सांगितलं की माझे. एवढा सोपा हिशेब मी दिवसभर मांडत होतो आणि प्रत्येक वेळी वस्तादच्या नावावर टाकत होतो. मी त्याच्याकडं बघून रस्ता बदलला. दोनदा.

शुक्रवारी संध्याकाळी रखमावैनी आमच्या घरी आली. चटणीची वाटी परत द्यायचं निमित्त होतं.

"भावजी, तुम्ही तरी त्यांस्नी समजावा. जेवत न्हाईत. पोरांस्नी सांगितलं, दुसरा वस्ताद बघा." तिनं पदराला डोळे पुसले. "रगत पातळ करायची गोळी दिलीया. उद्या शनिवार, मारुतीला नारळ फोडून पहिली गोळी घेतो म्हणाल्यात. मला त्या गोळीचंच भ्याव वाटतंय."

"का?"

"चौदा वर्सामागं पोटातला अल्सर फुटला न्हवता व्हय त्यांचा? घमेलंभर रगत पडलंतं. डाक्टरीणबाई इचारत हुत्या, पोटाचा काय त्रास, कधी रगत गेलंय का, तर ह्येंनी न्हाई म्हणून सांगितलं. मी बाहेर औषधं घेत हुते. घरी आल्यावर इचारलं तर म्हणतात, मला आता काय आठवतंय, माझं डोस्कंच गेलंय."

इंदू माझ्याकडं बघत होती. "अवो, तुम्हाला काय झालंय? दोन दिवस बघतीया मी."

मी चटणीची वाटी आत नेऊन ठेवली. ती रात्र कशी गेली ते विचारू नका.

सकाळी सातला वस्तादच्या दारात पोचलो. पायात एकच चप्पल होती, ते मला नंतर कळलं. वस्ताद मारुतीला जाऊन आला होता. कपाळाला शेंदूर. डाव्या हातात पाण्याचा तांब्या, उजव्या तळहातावर ती गोळी, पांढरी, बारीक. रखमावैनी पाटावर खोबरं ठेवत होती.

"घेऊ नगस," मी ओरडलो.

"ये, परसाद घे," वस्ताद म्हणाला.

मी पुढं होऊन त्याच्या हातावर फटका मारला. गोळी उडून चुलीपाशी गेली.

"मुरल्या! हितं तरी थट्टा नगं."

"थट्टा न्हाई. ती गोळी तुझी न्हाई. माझी हाय."

मी सगळं सांगितलं. खुंटी, कार्ड, चष्मा, सगळं. माझी जीभ अडखळायला लागली तसा मी जास्तच घाबरलो आणि आणखी भरभर बोललो.

"म्हंजे फुगा..." वस्ताद म्हणाला.

"मी दाबला. दोनदाबी मीच. तू झोपलातास."

"माझं डोस्कं?"

"तुझं बेचाळीस नंबर. त्याच्यात काय न्हाई. काय निघालं आसतं तर मला फोन आला आसता."

तेवढा मोठा माणूस मटकन खाली बसला. तांब्यातलं पाणी धोतरावर सांडलं. दोन रात्री जागलेले ते डोळे मी बघितले आणि मग दिसेनासे झाले, कारण तो उठला होता आणि त्यानं माझ्या कानाखाली एक दिली होती. एकच. कुस्तीतही तो हात त्यानं असा कधी वापरला नव्हता. मी भिंतीला जाऊन लागलो.

आणि मग वस्तादच किंचाळला.

"अगं रखमे, डोस्क्यावर मारलं मी! त्याच्या डोस्क्यात झटकं हायत! मुरल्या, लागलं का रं? बोल की. तुझं नाव सांग. सांग, तुझं नाव काय?"

"मुरलीधर," मी म्हटलं. कान वाजत होता.

"बापाचं?"

"शंकर."

"चल. गाडी काढतो. डाक्टरणीकडं चल गाढवा."

डॉ. मुजावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन्ही फायली समोर ठेवून ऐकून घेतलं. इंदू शेजारी बसली होती, वस्ताद दारात उभा. वाटेत त्यानंच तिला गाडीत घेतलं होतं.

"त्या गोळीनं यांच्या पोटात रक्तस्राव होऊन चक्कर आली असती, तर आम्ही मेंदूतच कारण शोधत बसलो असतो," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला आम्ही कळवलं असतं, की तुमचा मेंदू उत्तम आहे." मग मला विचारलं, "तुम्हाला कधी काही झालं होतं? हात बधिर, बोलताना अडखळणं, थोड्या वेळासाठीसुद्धा?"

मी इंदूकडं बघितलं. मग लग्नातलं सांगितलं.

इंदूच्या तोंडाकडं मला बघवलं नाही. "मी हसले वो," ती हळूच म्हणाली. "मी हसले."

"तो झटका होता," डॉक्टर म्हणाल्या. "दहा मिनिटांत गेला ते नशीब. आता पुन्हा फोटो काढू. दोघांचेही. कार्ड मी स्वतः मनगटाला बांधणार."

पुन्हा तो बोगदा. मी दारातच अडून बसलो. मशीनवाला म्हणाला, कुणीतरी एकजण आत पायाशी उभं राहू शकतं, पण अंगावर धातू नको. इंदूचा हात मंगळसूत्राकडं गेला आणि तिथंच थांबला. नवऱ्याच्या जिवावर बेतलेल्या वेळी ते काढायला ती कुणाचंच ऐकणार नव्हती. मला ते बघून जास्तच भीती वाटली.

मागनं खुळखुळ आवाज आला. वस्ताद करदोटा सोडत होता.

चाळीस मिनिटं करवत चालली, जनरेटर चालला, कवटीचं दार ठोकलं गेलं. वस्तादनं माझ्या पायाचा अंगठा धरला होता. धरला म्हणजे असा, की उपटून काढतोय का काय. मी डोळे मिटून फक्त त्या अंगठ्यात जाऊन बसलो. फुगा हातात तसाच राहिला.

वस्तादचा फोटो स्वच्छ होता. माझे ठिपके माझेच निघाले. डॉक्टरणीनं पडद्यावर दाखवले. तुरीच्या डाळीएवढे दोन. एक जुना, एक त्याच्यानंतरचा. सगळी मिळून माझी बावन्न वर्षं त्या काळ्या-पांढऱ्या चित्रात होती आणि त्यात ती दोन भोकं.

"हे भरून येणार का?"

"नाही. पण पुढचा थांबवता येतो. रक्तदाब बराच वर आहे तुमचा. तंबाखू आजपासून बंद. गोळ्या एक दिवस चुकवायच्या नाहीत. वजन अजिबात उचलायचं नाही. पुढचा एवढाच लहान असेल असं मी सांगू शकत नाही, साळोखे."

गल्लीत उतरल्यावर वस्ताद म्हणाला, "उद्या रविवार. पैज हाय."

"मीच हरलोय," मी म्हटलं.

"म्हाईत हाय मला कोण हरलंय."

रविवारी दहा वाजता तालमीपुढं ही गर्दी. लोक वस्तादच्या खांद्यावर मला बघायला आले होते. मी माझाच माईक आणून लावला आणि तोंडाशी धरला.

"ऐका," मी म्हटलं. "पैज मी हरलो. मी नंबर बदलून वस्तादला फसवलं. फुगा मी दाबला. ज्या डोस्क्यात दोष निघाला ते वस्तादचं न्हाई, माझं."

मागनं कोणीतरी शिट्टी घातली आणि सगळे हसायला लागले. त्यांना वाटलं, साळोखेची नवी थट्टा. दगडू मात्र हसला नाही. त्यानं मापाची वही काढली, पेन्सिल ओली केली, वस्तादचं नाव खोडून माझं लिहिलं.

"बस खाली," वस्ताद मला म्हणाला.

इंदू गर्दीतनं पुढं यायला लागली. वस्तादनं तिच्याकडं बघून हात वर केला, ती थांबली. मी रस्त्यावर उकिडवा बसलो. ते शहाण्णव किलो मानेवर येणार, डोक्यात काहीतरी तुटणार आणि मी वडिलांसारखा खाटेवर पडणार, असं मला अगदी स्पष्ट दिसत होतं. तरी बसलो. वस्तादनं दोन्ही बाजूंना पाय टाकले. माझ्या खांद्यांवर हात ठेवले.

"ऊठ."

उठलो. वाकलेलाच. आणि वजन आलं नाही. त्याचे दोन्ही पाय जमिनीवर होते. मी पुढं वाकून चालत होतो आणि तो माझ्यावर स्वार झाल्यासारखा दिसत स्वतःच्या पायांनी चालत होता. लांब धोतरात मागच्यांना काही कळत नव्हतं. हलगीवाला कुठनं आला कोण जाणे. लोक ओरडत होते, "हाण मुरल्या! वाकला बघा मुरल्या!" भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या होत्या.

मंडईच्या तोंडाशी वस्ताद माझ्या कानाशी वाकला.

"गोळी घेतलीस का सकाळची?"

"न्हाई."

"का?"

"ती घेतली की खरं हुईल सगळं."

त्यानं माझे खांदे धरून मला उजवीकडं वळवलं. मंडई डावीकडं होती.

"वस्ताद, रस्ता चुकला!" गर्दी ओरडली.

"चल," तो म्हणाला.

आख्खी वरात हलगीसकट आमच्या दारात आली. इंदू आधीच धावत पुढं पोचली होती. ती गोळी आणि फुलपात्र घेऊन उंबऱ्यावर उभी राहिली. वस्ताद माझ्यावरनं उतरला नाही. मी तसाच वाकलेला, मान वर केली, तोंड उघडलं. दोनशे माणसांपुढं इंदूनं माझ्या जिभेवर गोळी ठेवली आणि पाणी पाजलं.

"गिळली का?" वस्तादनं विचारलं.

मी जीभ बाहेर काढून दाखवली. लोक हसले.

"आता मंडई," वस्ताद म्हणाला. "चल. निम्मी पैज राहिलीया."